चार बोटांचा बांध

सरुबाईंकडे माझं पहिल्यांदा नीट लक्ष गेलं ते २००१ सालच्या मे महिन्यात. शाळेतून निवृत्त होऊन मला पंधरा दिवस झाले होते. सकाळी साडेसात वाजता पर्समध्ये डबा न टाकता माणसाने काय करायचं असतं हे मला अजून कळलं नव्हतं. म्हणून मी चहा घेऊन खिडकीत बसले होते.

कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत माझं घर तळमजल्यावर आहे. खिडकीसमोर कुंपणाच्या भिंतीला लागून चाळीस फूट लांबीचा वाफा आहे, त्याच्यापुढे मुरूम टाकलेली पार्किंगची जागा. बिल्डर तिथे फरशी घालणार होता. तो शब्द त्याने मुरमातच सोडला, आणि सरुबाईंचं सगळं आयुष्य त्या न घातलेल्या फरशीवर उभं राहिलं, असं आता म्हणता येईल.

वाफ्याच्या कडेला विटांची ओळ होती. वाफ्याची निगा राखायला येणाऱ्या सरुबाई त्या दिवशी ती ओळ काढत होत्या. एकेक वीट उपटून, माती झटकून, बाजूला मांडून ठेवत होत्या. मग जुन्या चराच्या बाहेरच्या अंगाला त्यांनी उजव्या हाताची चार बोटं आडवी टेकवली, करंगळीशी खुरप्याने खूण केली, आजूबाजूला पाहिलं आणि त्या खुणेवर नवा चर खणायला लागल्या. विटा परत लागल्या, पण चार बोटं पुढे. रिकाम्या झालेल्या पट्ट्यात त्यांनी माती भरली आणि वर पाचोळ्याचा थर पसरला. अर्ध्या तासात ओळ जणू जन्मापासून तिथेच होती.

मी तीस वर्षं सदाशिव पेठेतल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. मोजमाप चुकलं की मला राहवत नाही. मला वाटलं, बाईंची चूक झाली. ड्रेनेजच्या चेंबरचं लोखंडी झाकण तिथे जवळच होतं. विटांपासून झाकणापर्यंतचं अंतर मी संध्याकाळी सहज मोजलं. पावणेदोन फूट. पुढच्या मे महिन्यात परत मोजलं. दीड फूट.

त्या दिवशी मी बाहेर गेले आणि म्हणाले, "सरुबाई, ओळ पुढे सरकलीय."

त्यांनी मान वर केली नाही. "इटा हायत बाई. पावसाळ्यात फुगत्यात."

"दोन्ही टोकांना सारख्याच?"

"चांगल्या भट्टीच्या हायत."

हे त्या इतक्या गंभीरपणे म्हणाल्या की मी तशीच घरात परतले. कुणाला काही बोललेही नाही. मुलींच्या कॉप्या पकडण्यात हयात घालवलेल्या माणसाला एकदा डोळेझाक करून पाहावंसं वाटतं.

सरुबाई हिंजवडीच्या. म्हणजे कंपन्या यायच्या आधीच्या हिंजवडीच्या. त्यांच्या गळ्याशी गोंदण होतं, नऊवारीचा काष्टा पक्का, आणि बोलताना त्या समोरच्याच्या चेहऱ्याकडे न बघता त्याच्या पायांकडे बघत. "मानूस कुठं उभा ऱ्हातोय ते बघावं, तोंड काय, कायबी बोलतं," असं त्यांचं म्हणणं. आमचा पहिला रखवालदार रामदास त्यांच्या माहेरच्या गावचा. १९९९ साली त्यानेच त्यांना इथे आणलं.

खरं तर त्यांना कामाची गरज नव्हती. जमीन संपादनात गेली तेव्हा त्यांच्या मुलाने, साईनाथने, घराच्या जागी तीन मजली खोल्या बांधल्या आणि कंपनीतल्या मुलांना भाड्याने दिल्या. अंगणभर गुळगुळीत फरशी घातली. सरुबाईंना बसायला झोपाळा आणला.

"झोपाळ्यावर बसायचं, आन फरशीकडं बघायचं," त्यांनी मला सांगितलं. "हात टेकवायला मूठभर माती न्हाई. पोरगा म्हनतो, आई, लोकं हसत्यात, सर्जेरावाची सून दुसऱ्याच्या दारात खुरपं घेऊन बसती. म्हनलं, हसूंद्या. दात तरी दिसत्याल."

रोज सकाळी कंपन्यांच्या पांढऱ्या बसगाड्या माणसं भरभरून हिंजवडीकडे जात असताना सरुबाई उलट्या दिशेने, दोन बस बदलून, आमच्याकडे येत. बस बहुतेक रिकामी असे. त्याचा त्यांना अभिमान होता.

विटांबद्दल त्या जितक्या थापा मारत, तितकंच वाफ्याबद्दल त्यांचं बोलणं चोख असे. आमच्या रस्त्यावरचा पाचोळा झाडणारे लोक कोपऱ्यात गोळा करून पेटवून देत. सरुबाई त्यांच्या आधी पोती घेऊन पोचत. तो पाचोळा वाफ्यावर वीतभर जाड पसरायचा, झाडाच्या बुंध्याशी मात्र तळहाताएवढी जागा उघडी ठेवायची. "गळ्यापतुर पांघरूण घ्यावं, नाकावर घिऊ ने." पाचोळ्याला कड लागते, नाहीतर पहिल्याच सरीला तो पार्किंगभर होतो. म्हणून विटा. वीट उभी नाही, आडवी नाही, तिरकी. एकीच्या खांद्यावर दुसरीने मान टाकलेली. दोन हिस्से मातीत, एक हिस्सा वर. भट्टीत जास्त भाजून काळ्या पडलेल्या, कुणी बांधकामाला न घेतलेल्या विटा त्यांनी निवडून आणल्या होत्या. या पाण्याने झिजत नाहीत, आणि दोन विटांच्या फटीतून जास्तीचं पाणी निघून जातं.

चार बोटांचं खरं कारण मला चौथ्या वर्षी कळलं, ते मी विचारलं म्हणून नाही.

त्या दिवशी त्या वाफ्यात लिंबाचं रोप लावत होत्या. भिंतीपासून साडेतीन फुटांवर, म्हणजे बिल्डरने दिलेल्या तीन फुटी वाफ्याच्या चांगलं बाहेर. माती दाबता दाबता म्हणाल्या, "आमचा आन थोरल्या दिराचा बांध एकच व्हता. आमचं मालक बांध कोरायचं. दीरबी कोरायचं. नांगरताना एक तास, म्हंजी नांगराची एक रेघ, जास्ती मारायचं, कुनाला कळत न्हाई. दर साल चार बोटं. बांध आसा बारीक झाला का त्यावरनं शेळी चालंना. मग भांडान. मग कोर्ट. अकरा वरीस दोन हात जमिनीसाठी आमी एकमेकांच्या मयताला गेलो न्हाई."

"मग निकाल काय लागला?"

"निकाल लागायच्या आत नोटीस आली. सार्वजनिक कामासाठी संपादन. पिवळं मशीन आलं. त्याचं, माझं, मधला बांध, सगळं दुपारपतुर सपाट. दीर आन मालक शेजारी शेजारी उभं ऱ्हाऊन बघत व्हतं. अकरा वर्सांत पयल्यांदा." त्यांनी रोपाभोवती पाचोळा सारला. "तवाच म्हनलं, भावाचा बांध कोरन्यात काय अर्थ न्हाई. कोरायचा तर मोटारवाल्यांचा कोरावा."

आणि खुरपं धुवायला निघून गेल्या.

पुढच्या काही वर्षांत आमच्या सोसायटीतल्या स्कूटर गेल्या आणि मोटारी आल्या, आधी छोट्या, मग मोठ्या. तिकडे मोटारी रुंद होत होत्या, इकडे वाफा. त्या वाढीव पट्ट्यात दर वर्षी काहीतरी नवं येई. एका वर्षी गवती चहा, एका वर्षी हळद, मग ओवा, अळू. सगळी इमारत सकाळी खाली येऊन गवती चहाची पात कापून नेई, आणि कुणालाही हा प्रश्न पडला नाही की ही पात उगवते ती जमीन आली कुठून. २००८ साली लिंबाला पहिली फळं धरली. सरुबाईंनी प्रत्येक घरी दोन दोन लिंबं स्वतः नेऊन दिली. पुराव्याला सगळ्यांचेच हात लागावेत, असा हिशोब असावा.

भांडं फुटलं ते २००९ च्या एप्रिलमध्ये. दुसऱ्या मजल्यावरच्या दिग्विजयने नवी मोठी गाडी घेतली. अकोल्याचा मुलगा, हिंजवडीत सॉफ्टवेअरच्या कंपनीत. स्वभावाने सरळ. गाडी लावली तर तिचं मागचं टोक रस्त्यात येत होतं, पुढे घ्यावी तर बंपर हळदीत. त्याने बिल्डरचा नकाशा काढला, टेप लावली. वाफा नकाशात तीन फूट. जमिनीवर सव्वापाच.

रविवारी सकाळी पार्किंगमध्येच खुर्च्या टाकून बैठक भरली. आमचे अध्यक्ष खाजगीवाले, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचं बोलणं नेहमी मऊ आणि नेहमी टोचणारं. बागांची कामं करणाऱ्या एका कंत्राटदाराला त्यांनी आधीच बोलावून ठेवलं होतं. त्याने वाफ्यांना लावायच्या कडांचे नमुने मुरमावर ओळीने मांडले होते. हिरवी प्लास्टिकची पट्टी, पत्र्याची पट्टी, आणि सिमेंटचे लाल-पिवळे ठोकळे. ठराव तयार होता. वाफा मूळ तीन फुटांवर आणायचा, कडेला सिमेंटचे ठोकळे काँक्रीटमध्ये पक्के बसवायचे, आणि पुढची निगा कंत्राटदाराचाच माणूस बघेल. म्हणजे लिंबू जाणार होतं आणि सरुबाईही.

सरुबाईंना बोलावलं. त्या येऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांच्या चपलांकडे बघत राहिल्या.

"सरुबाई," खाजगीवाले म्हणाले, "आमच्या विटा चालतात असं कळलं. आपल्याला काही कल्पना?"

मला वाटलं, आता त्या फुगणाऱ्या विटांचं सांगणार. पण त्या म्हणाल्या, "इटा चालत न्हाईत. म्या सरकवल्या. दर साली चार बोटं. नऊ येळा."

खोटं पकडायला आलेल्या लोकांच्या हातात एकदम खरं दिलं की त्यांना ते कुठे ठेवावं कळत नाही.

"पुढच्या मे महिन्यात चेंबर लागतं," खाजगीवाले म्हणाले. "त्यात काय लावणार होतात? कमळं?"

"त्येला वळसा घातला असता."

दिग्विजय म्हणाला, "मावशी, सॉरी, पण टेक्निकली हे एन्क्रोचमेंट आहे. अतिक्रमण."

"अतिक्रमन न्हाई सायब. संपादन. सार्वजनिक कामासाठी." त्यांनी गवती चहाकडे हात केला. "समदी इमारत पिती. नोटीस तेवढी द्यायची ऱ्हायली."

मागे कुणीतरी हसलं. खाजगीवाले माझ्याकडे वळले. "बाई, आपली खिडकी तर वाफ्यावरच उघडते. आपल्याला दिसलं नाही?"

"दिसलं. आठ वर्षं दिसतंय."

"आणि आपण बोलला नाहीत."

"कुणी विचारलं नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की शाळेत असते तर मी अंगठे धरून उभी राहिले असते. मग ते सरुबाईंना म्हणाले, "झालं ते झालं. आपला अनुभव आहे, तेव्हा यातली कड आपणच निवडा आणि मूळ रेषेवर लावून द्या. म्हणजे आपला मानही राहील."

हे त्यांनी दयेने म्हटलं होतं, असं मी अजूनही मानते. सरुबाई नमुन्यांपाशी उकिडव्या बसल्या. प्लास्टिकची पट्टी उचलून दोन बोटांनी वाकवली. "ही चैताच्या उन्हात सापावानी डोकं वर काढंल." पत्र्याच्या धारेवर अंगठा फिरवला. "हितं पोरं खेळत्यात. ह्यानं पाय कापतील." मग सिमेंटच्या ठोकळ्यावर थाप मारली. "ह्यो पक्का हाय. लई पक्का. पानीबी जाऊ देनार न्हाई, आन गांडूळबी. आषाढात वाफ्याची परात व्हईल, हळद कुजंल. आन कुजली न्हाई तरी ह्यो म्या लावनार न्हाई."

"का?" कंत्राटदाराने विचारलं.

त्या उठल्या, वाफ्यापाशी गेल्या, आपली एक काळी वीट उपसली आणि उलटी करून सगळ्यांसमोर धरली. बुडाला ओली माती, पांढऱ्या मुळ्यांची जाळी आणि दोन गांडुळं. "ही कड. ही मातीसंगं वाढती. बांध मातीचा असतोय, दर साली हातानं घालावा लागतोय, म्हून त्येच्यावर मानूस येतोय. सिमेंटाची कड घातली का परत कुनी बघत न्हाई तिकडं. आमच्या शिवाराला आता सिमेंटाची कड हाय. म्या रोज बसमधनं बघती. आत काय हाय मला ठाव न्हाई, आत जाया मला पास लागतोय." त्यांनी वीट जागेवर ठेवली आणि टाचेने दाबली. "लिंबू तोडायचं तर तोडा, तुमची जागा हाय. पन ते माझ्या हातानं व्हनार न्हाई. आन ठोकळं बसलं का म्या येनार न्हाई."

त्यांचा आवाज चढला नव्हता. हात मात्र पदराला पुसत होत्या, पुसून झाल्यावरही पुसत होत्या. तेव्हा मला कळलं की ही बाई आज संध्याकाळी झोपाळ्यावर परत जायला तयार होऊन बोलतेय, आणि त्या झोपाळ्याची तिला केवढी धास्ती आहे.

मी म्हणाले, "माझी पार्किंगची जागा इमारतीच्या मागच्या बाजूला आहे, ती वापरात नाही. आमच्या ह्यांची स्कूटर तिथे सहा वर्षं उभी आहे, ती आता कुणी चालवत नाही. दिग्विजयने गाडी तिथे लावावी." हे आधीच सुचायला हवं होतं. स्कूटर हलवायची म्हणून सुचलं नव्हतं.

दिग्विजय नकाशाची गुंडाळी करत होता. तो म्हणाला, "मावशी, आमच्याकडे बांधाला धुरा म्हणतात. धुऱ्यावरून माझ्या काकांचं डोकं फुटलंय. नऊ टाके." मग खाजगीवाल्यांना म्हणाला, "काका, माझा इश्यू सॉल्व्ह झाला. लिंबू राहू द्या. पण लिमिट पाहिजे हे बरोबर आहे. सिमेंट नको, दगड रोवा. हद्दीचा दगड. धुरा सगळे कोरतात, पण हद्दीच्या दगडाला कोणी हात लावत नाही. माझ्या काकांचं डोकं फोडणाऱ्यानेही लावला नव्हता."

खाजगीवाल्यांनी सरुबाईंकडे पाहिलं. "हे खरं आहे?"

सरुबाईंनी पहिल्यांदाच कुणाच्या तरी तोंडाकडे पाहिलं. दिग्विजयच्या. "खरं हाय," त्या नाइलाजाने म्हणाल्या. "दगुड हलवला तर वंस बुडतोय. त्यो म्या हलवनार न्हाई."

ठराव बदलला. विटा राहतील, लिंबू राहील, सरुबाई राहतील. आहे त्या ओळीच्या दोन्ही टोकांना हद्दीचे दोन दगड. कंत्राटदार नमुने गोळा करून गेला. पुढच्या आठवड्यात चुना फासलेले दोन घडीव दगड आले. खाजगीवाल्यांनी उभं राहून ते दोन दोन फूट खोल रोवून घेतले. सरुबाईंनी दोन्हींवर हळदकुंकू वाहिलं. खाजगीवाले समाधानाने वर गेले.

मे महिन्यात सरुबाईंनी नेहमीप्रमाणे विटा काढल्या. मी खिडकीत होते. त्यांनी पहिली वीट दगडाला चिकटून लावली, शेवटची दुसऱ्या दगडाला चिकटून. मग मधोमध येऊन बसल्या. चार बोटं टेकवली, खूण केली, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळ जराशी बाहेर झुकवत नेली. दगड जिथल्या तिथे होते.

दोन बिंदूंमधून एकच सरळ रेषा जाते, हे मी तीस वर्षं मुलींना शिकवलं. वाकड्या रेषा कितीही जातात, हे पाठ्यपुस्तकात असूनही मी कधी जोर देऊन सांगितलं नव्हतं. सरुबाईंनी खिडकीकडे पाहिलं. मी कप उचलून आत गेले.

आता त्या ओळीला चांगलंच पोट आलंय. चेंबरच्या झाकणाला तिने वळसा घातलाय. खाजगीवाले आता काठी घेऊन चालतात. गेल्या वर्षी ते वाफ्यापाशी बराच वेळ थांबले, आधी एका दगडाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे, मग मधल्या पोटाकडे.

"सरुबाई," ते म्हणाले, "दगड हललेले नाहीत ना?"

"न्हाई सायब. शपथ हाय."

"तेच विचारत होतो," असं म्हणून त्यांनी गवती चहाच्या दोन पाती मागून घेतल्या.

सरुबाईंनी सत्तरी ओलांडली आहे. रोज येणं होत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळच्या बसने हिंजवडीहून येतात, आणि मे महिन्यात विटा स्वतःच काढून स्वतःच लावतात.